अपूर्णांकाचा सौदा

महापालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला, मिरवणुका संपल्या, की सर्वांचे लक्ष महापौर कोण होणार या एकाच प्रश्नाकडे लागते. वृत्तपत्रेही त्याचाच काथ्याकूट करतात. वस्तुतः महाराष्ट्रात महापौरपद हे बहुतांशी मानाचे पद आहे. शहराचा पैसा कोणत्या रस्त्यावर, कोणत्या जलवाहिनीवर आणि कोणत्या कंत्राटदाराकडे जाणार हे ठरते ते समित्यांत, आणि त्यातही स्थायी समितीत. आयुक्तांचे अंदाजपत्रक प्रथम तिच्यापुढे येते, मोठ्या रकमांच्या निविदांना मंजुरी तीच देते. या समितीतील जागा निरनिराळ्या पक्षांत कशा वाटल्या जातात, हा प्रश्न मात्र निकालानंतरच्या एका महिन्यात, गटनेत्यांच्या खाजगी बैठकांत सुटतो. मतदाराला त्याची वार्ताही नसते.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यांपैकी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत २०२२ पासून लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते. प्रशासक म्हणून बसलेला अधिकारीच अंदाजपत्रक मांडत होता, आणि स्थायी समितीचे व महासभेचे अधिकार वापरून तोच ते मंजूरही करीत होता. अर्ज करणारा आणि अर्जावर सही करणारा हात एकच! इतक्या वर्षांनी सभागृहे परत आली याचे स्वागत कोणताही लोकशाहीवादी करील. परंतु सभागृह आले म्हणजे लोकांचे नियंत्रण आले असे नव्हे. ते नियंत्रण समित्यांतून चालते, आणि समित्यांची रचना न्याय्य नसेल तर प्रशासकाच्या जागी एका पक्षाचा गटनेता बसला, एवढाच फरक पडतो.

मुंबई शहरासाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्यातील इतर महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. या अधिनियमाच्या कलम ३१-अ मध्ये समित्यांवरील नेमणुकांचे सूत्र दिलेले आहे. स्थायी समिती, विशेष समित्या इत्यादींवर सदस्य नेमताना सभागृहातील मान्यताप्राप्त वा नोंदणीकृत पक्षांचे व गटांचे तौलनिक संख्याबळ विचारात घ्यावे, असे ते कलम सांगते. म्हणजे तत्त्व प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे आहे. बहुमतवाल्या पक्षाने सोळाच्या सोळा जागा गिळंकृत कराव्यात, असे हा कायदा होऊ देत नाही. ही गोष्ट लहान नाही, आणि ज्या पक्षांना कधी दोन अंकी संख्या गाठता आली नाही त्यांनी तर तिचे मोल विसरता कामा नये.

हिशेबाची रीतही कायद्यात लिहिलेली आहे. एकूण नगरसेवकांच्या संख्येला समितीच्या सदस्यसंख्येने भागावयाचे. येणाऱ्या भागाकाराने प्रत्येक पक्षाच्या संख्येला पुन्हा भागावयाचे. जे पूर्णांक येतील तितक्या जागा प्रथम द्यावयाच्या, आणि उरलेल्या जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला आधी, या क्रमाने एकेक करून वाटावयाच्या. प्राथमिक शाळेतील भागाकार येणाऱ्या माणसाला हे गणित समजेल. अडचण गणितात नाही. अडचण ही आहे की, या रीतीत सारा खेळ शेवटी अपूर्णांकांवर येऊन ठेपतो, आणि अपूर्णांक हे विकत घेता येतात.

एक खरे उदाहरण घ्यावे. २०१७ च्या निवडणुकीत नाशिक महापालिकेच्या १२२ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला ६६, तेव्हाच्या अविभक्त शिवसेनेला ३५, काँग्रेसला ६, राष्ट्रवादी काँग्रेसला ६, महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला ५, रिपब्लिकन पक्षाला १ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. तेथे प्रत्यक्षात नेमणुका कशा झाल्या हा येथे विषय नाही. गणितासाठी आकडे तेवढे घेतले आहेत. स्थायी समिती सोळा जणांची. १२२ ला १६ ने भागले की ७.६२५ येतात. या भागाकाराने पाहता भाजपचे बळ ८.६५६, शिवसेनेचे ४.५९०, दोन्ही काँग्रेसचे प्रत्येकी ०.७८७ आणि मनसेचे ०.६५६ भरते. पूर्णांकांच्या बारा जागा वाटल्यावर चार उरतात. त्या दोन्ही काँग्रेस, भाजप आणि मनसे यांना जातात. शिवसेनेचा अपूर्णांक थोडक्यात मागे पडतो. म्हणजे भाजप ९, शिवसेना ४, आणि इतर तिघांना एकेक. सभागृहात ज्याचे बहुमत, समितीतही त्याचेच बहुमत. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

आता तीन अपक्षांनी शिवसेनेशी आघाडी केली असे समजा. शिवसेनेचे बळ ३८ होऊन भागाकार ४.९८४ येतो, आणि तिला पाचवी जागा हमखास मिळते. दोन्ही काँग्रेसच्या जागा कायम राहतात. उरते एक जागा, आणि तिच्यावर दोन दावेदार: भाजप व मनसे. दोघांचे अपूर्णांक अगदी तंतोतंत सारखे, कारण आठ पूर्णांक वजा केल्यावर भाजपकडेही पाचच नगरसेवक शिल्लक उरतात. ही जागा मनसेला गेली तर ६६ नगरसेवकांचा पक्ष समितीत ८ विरुद्ध ८ असा अडकून पडतो. तीन अपक्षांनी कोठे सही केली, यावर सबंध शहराच्या तिजोरीची किल्ली अवलंबून राहते.

याच आकड्यांत आणखी एक चमत्कार दडलेला आहे. भाजपच्या दोन जागा मृत्यू वा राजीनाम्यामुळे रिक्त झाल्या, आणि उरलेल्या १२० वर नव्याने हिशेब केला, तर भागाकार ७.५ होतो. भाजपचे बळ ८.५३३, शिवसेनेचे ४.६६७. अपूर्णांकांची क्रमवारी फिरते, भाजप आठावर येतो, शिवसेना पाचावर जाते. १२० पैकी ६४ नगरसेवक असलेला पक्ष समितीतील बहुमत गमावतो! उलट, दोन्ही काँग्रेस पक्षांनी एकत्र आघाडी नोंदवली असती तर त्यांचे बारा मिळून १.५७४ भरले असते आणि त्यांना दोनाऐवजी एकच जागा मिळाली असती. वर्षानुवर्षे एकजुटीची भाषणे करणाऱ्यांनी समितीपुरते वेगळे राहावे, असा उपदेश हे गणित करते. राजकीय निष्ठा आणि अंकगणित यांचे असे वैर इतरत्र क्वचितच दिसेल.

याचा अर्थ ही रीत टाकाऊ आहे असा नाही. युरोपात प्रचलित असलेल्या इतर रीती लावून पाहिल्या तर निराळेच निकाल हाती येतात. बेल्जियमचे कायदेपंडित दाँत यांच्या रीतीने नाशिकच्या आकड्यांतून पंधरा जागा दोन मोठ्या पक्षांनाच जातात (भाजप १०, शिवसेना ५) आणि सोळाव्या जागेसाठी भाजप व दोन काँग्रेस असे तिघे समान ठरतात. मनसे तर शर्यतीतच राहत नाही. फ्रेंच गणिती सेंत-लाग्यू यांच्या रीतीने भाजप ८, शिवसेना ५ आणि इतर तिघांना एकेक असा निकाल येतो. मते तीच, सभागृह तेच, आणि उत्तरे तीन. बालिन्स्की आणि यंग या गणितज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, सर्व विसंगतींपासून मुक्त आणि तरीही पूर्णांकांची मर्यादा पाळणारी अशी वाटपाची रीत असूच शकत नाही. तेव्हा आदर्श रीतीचा शोध घेत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडील रीत लहान पक्षांना त्यातल्या त्यात उदार आहे, आणि ती टिकवावी. प्रश्न आहे तो त्या रीतीला लावलेल्या दोन पुस्त्यांचा.

पहिली पुस्ती आघाडीची. निकालाच्या अधिसूचनेपासून एका महिन्याच्या आत कोणतेही पक्ष, गट वा अपक्ष एकत्र येऊन आघाडी नोंदवू शकतात, आणि तौलनिक संख्याबळ मोजताना ती आघाडी एक घटक म्हणून धरली जाते. ज्या अपक्षाला मतदारांनी सर्व पक्षांच्या उमेदवारांना नाकारून निवडून दिले, तो महिन्याभरात त्यांपैकीच एका पक्षाच्या अपूर्णांकात भर घालू शकतो. त्याच्या एका सहीची बाजारातील किंमत, अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, सीमान्त मूल्याने ठरते: पक्षाला पाचव्या जागेसाठी एकच सही कमी पडत असेल तर त्या सहीला सोन्याचे मोल, आणि पडत नसेल तर तिला कोणी विचारीत नाही. ज्या व्यवहारात वस्तूचे मूल्य असे शून्य आणि अपार यांच्यात हेलकावे खाते, तेथे नीतिमत्तेची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

पण या पुस्तीतला खरा काटा पुढेच आहे, आणि त्याची चर्चा कार्यकर्त्यांत फारशी होत नाही. अशी निकालोत्तर आघाडी एकदा नोंदली गेली की, ती जणू निवडणुकीपूर्वीच नोंदलेली आघाडी होती असे कायदा मानतो आणि तिच्या सदस्यांना १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम लागू होतो. सरळ भाषेत, आघाडीचा पक्षादेश मोडून मत दिले तर नगरसेवकपद जाऊ शकते. दोन-तीन नगरसेवकांचा लहान पक्ष समितीतील एका जागेच्या आशेने मोठ्या पक्षाच्या आघाडीत सही करतो तेव्हा तो काय विकतो? एका वर्षाची एक जागा घेऊन तो आपली पाच वर्षांची सर्व मते गहाण ठेवतो. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव असो, झोपडपट्टीवर बुलडोझर फिरवण्याचा असो, सफाई कामगारांना कंत्राटाकडे ढकलण्याचा असो. आघाडीचा आदेश निघाला की हात वर करावयाचा. ज्या मतदारांनी त्याला या धोरणांच्या विरोधात निवडून दिले, त्यांना या कराराची प्रत कोणी दाखवीत नाही.

मग लहान पक्षाला समितीतील जागेचे मोल तरी नेमके कशात आहे? येथे अमेरिकेतील एका स्थानिक संस्थेचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. न्यूयॉर्क राज्यातील नासाऊ परगण्याच्या मंडळात प्रत्येक सदस्याला लोकसंख्येनुसार कमीअधिक मते दिलेली होती. १९६०च्या दशकाच्या मध्याला ही वाटणी ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी होती. एकूण ११५, आणि बहुमताला ५८ हवीत. जॉन बान्झाफ या वकिलाने १९६५ साली दाखवून दिले की, पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की बहुमत होते आणि ते दोघे एकत्र न येता बहुमत कधीच होत नाही. म्हणजे २१ मते असलेल्या सदस्याची निर्णयातील ताकद दोन मते असलेल्याइतकीच, म्हणजे शून्य. प्रमाण कागदोपत्री चोख होते, सत्ता मात्र तिघांच्याच हाती होती.

नाशिकच्या ९, ४, १, १, १ या समितीला हीच कसोटी लावा. नवांचा गट पक्षादेशाने बांधलेला असेल तर उरलेल्या सातांच्या मताने एकही निविदा अडत नाही. मतदानापुरते पाहिले तर ते सात जण असले काय आणि नसले काय, सारखेच. आणि तरीही त्यांचे तेथे असणे अत्यंत आवश्यक आहे, कारण समितीतील अल्पसंख्य सदस्याचे खरे सामर्थ्य मतात नसून डोळ्यांत आणि वाणीत असते. विषयपत्रिका त्याच्या हाती येते. निविदेचे कागद तो मागू शकतो. दर अंदाजापेक्षा इतका जास्त कसा, हे तो विचारू शकतो, आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरू शकतो. तोच विरोध दुसऱ्या दिवशी वस्तीतील सभेत आणि प्रसंगी न्यायालयात उपयोगी पडतो. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला तो सभागृहातील संख्याबळावर नव्हे, तर प्रश्न विचारण्याच्या आणि रस्त्यावर उतरण्याच्या मोकळिकीवर. आघाडीच्या सौद्यात लहान पक्ष नेमकी हीच मोकळीक देऊन टाकतो. सत्ताधाऱ्यांच्या आघाडीतून समितीत गेलेला लहान पक्षाचा सदस्य म्हणजे त्यांचा दहावा माणूस.

दुसरी पुस्ती त्याहून छोटी, पण तितकीच घातक आहे. कोणत्या पक्षाला वा गटाला किती जागा, याविषयी वाद उपस्थित झाला तर महापालिकेचा निर्णय अंतिम राहील, असे हेच कलम म्हणते. महापालिकेचा म्हणजे सभागृहाच्या बहुमताचा. वर सांगितलेल्या उदाहरणात भाजप आणि मनसे यांचे अपूर्णांक सारखे आले, तर शेवटची जागा कोणाची, याचे उत्तर त्या परंतुकात नाही. ते उत्तर सभागृह देणार, आणि सभागृहात ६६ जण ज्या पक्षाचे आहेत तोच पक्ष त्या जागेचा दावेदार. स्वतःच्याच दाव्याचा निवाडा स्वतः करू नये हे न्यायाचे मूलतत्त्व येथे सरळ गुंडाळून ठेवलेले आहे. उच्च न्यायालयाचा दरवाजा अर्थातच उघडा असतो. परंतु न्यायालयात जाऊन निकाल मिळेपर्यंत लहान पक्षाच्या सदस्याचे वर्ष संपून जाते. दरवर्षी समितीतील निम्मे सदस्य निवृत्त होतात, हे येथे लक्षात ठेवावे.

या बाबतीत ब्रिटनचा १९८९ चा स्थानिक शासन व गृहनिर्माण कायदा पाहण्यासारखा आहे. तो कायदा थॅचरबाईंच्या राजवटीत झाला, आणि त्या राजवटीने स्थानिक स्वराज्याचे जे हाल केले ते पाहता तिच्याकडून काही शिकावे हे कित्येकांना रुचणार नाही. पण १९८६ च्या विडिकोम्ब समितीच्या अहवालानंतर आलेल्या या कायद्यातील समित्यांविषयीची तत्त्वे स्वच्छ आहेत. सर्व जागा एकाच गटाला जाता कामा नयेत. सभागृहात ज्याचे बहुमत त्याला समितीत बहुमत मिळावे. या दोन अटी पाळून सर्व समित्यांच्या एकूण जागांची बेरीज प्रमाणात असावी. आणि त्यानंतर प्रत्येक समितीतही शक्य तितके प्रमाण राखावे. यातील तिसरे तत्त्व विशेष मोलाचे आहे. एका समितीत ज्याचा अपूर्णांक बुडाला, त्याची भरपाई दुसऱ्या समितीत होते. आपल्याकडे प्रत्येक समितीचा हिशेब स्वतंत्र असल्यामुळे जो पक्ष एका समितीत थोडक्यात मागे पडतो, तो तितक्याच सदस्यसंख्येच्या प्रत्येक समितीत त्याच थोडक्याने मागे पडतो. शिवाय ब्रिटनमध्ये या नियमांना फाटा द्यावयाचा तर एकाही सदस्याने विरोधी मत देता कामा नये, अशी अट आहे. बहुमताच्या मर्जीवर तेथे काही सोडलेले नाही.

सभापतिपदांचा प्रश्न तर आपल्या कायद्याने प्रमाणाच्या कक्षेत आणलेलाच नाही. जागा प्रमाणात, पण सभापती बहुमताने. त्यामुळे ५४ टक्के सदस्य असलेला पक्ष शंभर टक्के सभापतिपदे घेऊ शकतो. संसदेत लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पडला आणि टिकला. महापालिकेच्या हिशेबांची तपासणी ज्या बैठकीत होते तिचे अध्यक्षस्थान विरोधकांकडे असावे, अशी मागणी यापेक्षा क्रांतिकारक नाही. तरीही ती कोणत्याही मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडणार नाही.

कलम ३१-अ मध्ये दुरुस्ती सुचवावयाची तर ती गुंतागुंतीची असण्याची गरज नाही. तौलनिक संख्याबळ निकालाच्या दिवशी जे असेल तेच पाच वर्षे धरावे, आणि पोटनिवडणुकीने जागा भरली तरच बदलावे. निवडणुकीपूर्वी जाहीर न झालेली पक्षांची आघाडी समित्यांच्या मोजणीत धरू नये. अपक्ष आणि एकेकटे सदस्य यांना आपापसांत गट करण्याची मुभा ठेवावी, नाहीतर त्यांचा अपूर्णांक कधीच वर येणार नाही. परंतु त्या गटाचा आदेश समितीवरील नावांपुरता असावा, सभागृहातील मतदानापुरता नव्हे. समान अपूर्णांकांचा निकाल चिठ्ठीने लावावा. आणि वाद उद्भवला तर तो सभागृहाबाहेरच्या, न्यायिक स्वरूपाच्या अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत मिटवावा. यावर एक आक्षेप घेतला जाईल तो असा की, आघाड्यांवर बंधन घातले तर त्रिशंकू सभागृहात सत्ता स्थापणार कशी? महापौराच्या निवडणुकीत कोणी कोणाला मत द्यावे यावर या दुरुस्तीने काहीच बंधन येत नाही. पाठिंबा उघडपणे द्यावा, उघडपणे काढून घ्यावा. त्यासाठी समितीच्या गणितात आकडे फुगवण्याचे कारण नाही.

विधिमंडळ असे काही करीपर्यंत शहर शाखांना करता येण्याजोगे काम आहेच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्षाचे तौलनिक संख्याबळ दशांशासह मांडून त्याचा तक्ता छापावा आणि चौकाचौकांत लावावा. कोणत्या अपक्षाने, कोणत्या लहान पक्षाने कोणाशी आघाडी नोंदवली, आणि त्यामुळे कोणाची जागा गेली, ते त्याच तक्त्याखाली महिन्याच्या अखेरीस लिहावे. आपल्या पक्षाचे दोन-चार सदस्य निवडून आले असतील तर आघाडीच्या नोंदणीअर्जावर सही करण्यापूर्वी प्रश्न शाखेच्या सभेपुढे यावा, आणि समितीतील एका जागेसाठी कोणकोणत्या ठरावांवर गप्प बसावे लागेल याची यादी तेथे वाचून दाखवावी. निर्णय काय व्हावा ते त्या त्या शहरातील परिस्थितीवर अवलंबून राहील. कधी सत्तेतील अधिक अरेरावी पक्षाला रोखण्यासाठी अशी सही करणे भागही पडेल. पण तेव्हा ती किंमत मोजून, सभासदांच्या संमतीने आणि मतदारांना सांगून केलेली असावी.

दुरुस्तीच्या मागणीला मात्र आता उशीर करू नये. जानेवारीत निवडून आलेल्या सभागृहांची मुदत पाच वर्षांची आहे. पुढच्या निवडणुकीत कोण मोठा आणि कोण लहान ठरेल हे आज कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच नियमाविषयी सर्व पक्षांना एका टेबलाभोवती बसवणे आज शक्य आहे. पुढचा निकाल लागल्यावर प्रत्येक गटनेत्याला आपला अपूर्णांक तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत पाठ असेल, आणि मग ही चर्चा कोणी ऐकून घेणार नाही.